नानजिंगच्या देवळातली पिवळी पट्टी

कल्पना करा, तुम्ही अशा एका शहरात आहात जिथल्या पाट्यांवरचं एकही अक्षर तुम्हाला वाचता येत नाही. सुट्टीचा दिवस आहे आणि तुम्हाला देवळं बघायची आहेत. रस्ता विचारायला थांबावं तर तुमच्याभोवती घोळका जमतो. तो मदत करायला जमत नाही, तुम्हाला बघायला जमतो. एक बाई पुढे होऊन तुमच्या साडीचा पदर चिमटीत धरून कापडाचा पोत बघते. एक म्हातारा तुमच्या कपाळावरची टिकली बघून स्वतःचं कपाळ चाचपतो. तसेच तुम्ही देवळाशी पोचता. उंबरठा जवळजवळ गुडघ्याएवढा. चपला काढायच्या की नाही? घंटा दिसते आहे, ती वाजवायची का? आधी नमस्कार कोणाला? यातलं काहीतरी तुम्ही धीर करून करता. पण तुम्ही जे केलंत त्याचा अर्थ तिथेही तुम्हाला वाटतो तोच आहे, हे कोणाला विचारणार?

सुलेखा खांबेटे हिला असं काही विचारावंसं वाटलंच नाही. ती मेटलर्जिस्ट होती. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात राहायची आणि मोटारींच्या इंजिनांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करायची. धातू ओतायच्या कारखान्यातून, म्हणजे फाउंड्रीतून, आलेलं कास्टिंग कापायचं, घासून आरशासारखं करायचं, मायक्रोस्कोपखाली धरायचं आणि ते चालेल की नाही हे सांगायचं, हे तिचं काम. जे चालेल त्याला हिरवा टॅग, ज्याबद्दल शंका त्याला पिवळा, जे फेकून द्यायचं त्याला लाल. तिच्या सासूबाई पुण्याहून पत्रातून अंगारा पाठवायच्या, तो ती लिफाफ्यासकट ड्रॉवरमध्ये ठेवायची. टाकून द्यायला जीव होत नसे आणि लावायची लाज वाटे.

१९८६ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. कंपनीने चीनमधल्या नानजिंग शहराजवळच्या एका फाउंड्रीकडून कास्टिंग घ्यायचं ठरवलं आणि तपासायला सुलेखाला तीन आठवडे पाठवायचं म्हटलं. आणि तिचा नवरा प्रसन्न जिना चढता चढता मधेच खाली बसला.

प्रसन्न कम्युनिटी कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. हृदयातली एक झडप अरुंद होत चालली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती काढून कृत्रिम झडप बसवायची. लगेच नाही, पण ख्रिसमसच्या आत.

"मी नाही जात," सुलेखा म्हणाली. "आधी ऑपरेशन. चीन कुठे पळून जात नाही."

"चीन नाही पळत, पण तुझा बॉस दुसऱ्या कोणाला पाठवेल," प्रसन्न म्हणाला. "जा तू. तुझ्या कंपनीत आजवर एका बाईला कॅनडाच्या पलीकडे पाठवलेलं नाही. परत आलीस की करू. झडप काय, इतकी वर्षं चालली, अजून दोन-तीन महिने चालेल."

"तुला चेष्टा सुचतेय."

"मग काय रडू? जा गं. आणि स्लाइड्स काढ भरपूर. मंडळाच्या लोकांना दाखवू. नाहीतर दर वेळी तेच नायगारा."

त्यांची पंधरा वर्षांची मुलगी वीणा सीरियल खाता खाता म्हणाली, "आय विल टेक केअर ऑफ हिम, आई. गो."

ऑक्टोबरात सुलेखा गेली.

नानजिंगमध्ये पहिले काही दिवस ती नुसती थक्क होत होती. विमानात तिने वाचलेल्या माहितीचा आणि डोळ्यांसमोरच्या शहराचा काही संबंधच लागेना. रस्त्यावर मोटारी जवळजवळ नाहीत आणि सायकली इतक्या, की रस्ता ओलांडायचा म्हणजे नदीत पाय टाकल्यासारखं. दोन्ही बाजूंनी झाडांच्या फांद्या मधे येऊन भिडलेल्या. शहराभोवती जुना दगडी तट, आणि त्या तटाला टेकून कोणीतरी कोबी वाळत घातलेला. फाउंड्रीत कामगार चहाच्या पानांनी भरलेल्या काचेच्या बरण्या घेऊन फिरत. तिला आधी वाटलं, हे कसलं केमिकल आहे.

रविवारी फाउंड्री बंद. मग तिच्याबरोबर दुभाषी म्हणून दिलेली मिस शू तिला फिरवायची. मिस शू विशीतली, काटक, निळा कोट घालणारी, इंग्रजी पुस्तकातल्यासारखं बोलणारी. पहाटे तलावाकाठच्या बागेत नेलं तर तिथे म्हातारे लोक उलटे चालत होते. चांगले पाठीमागे, टाळ्या वाजवत, न अडखळता.

"हे असं का चालतात?" सुलेखाने विचारलं.

"पाठ चांगली राहते," मिस शू म्हणाली.

झाडांना पिंजरे टांगलेले, पिंजऱ्यांत पक्षी. म्हातारे घरचा पक्षी बागेत आणतात, दुसऱ्यांच्या पक्ष्यांशी त्याच्या गप्पा होऊ देतात आणि परत नेतात. पलीकडे मोकळ्या जागेत टेप लावून बायका एकमेकींना धरून बॉलरूम डान्स करत होत्या, हातातल्या भाजीच्या पिशव्या खाली न ठेवता. आणि शेवंती! बागेत शेवंतीचं प्रदर्शन होतं. कुंड्यांच्या रांगाच्या रांगा, पिवळी, पांढरी, जांभळी, काही फुलं तर जेवणाच्या ताटाएवढी. सुलेखाने रोलच्या रोल संपवले.

देवळांत तिला धक्के जास्त बसले. दारातच चार राक्षसी पुतळे, डोळे वटारलेले, पायांखाली कोणीतरी चिरडलेलं. ती दचकून मागे सरली. ते रक्षक आहेत हे नंतर कळलं. आतल्या बुद्धाच्या छातीवर स्वस्तिक बघून तिला घरचं कोणी भेटल्यासारखं झालं, पण पुतळ्याला ताज्या रंगाचा वास येत होता.

"हा नवा आहे?"

"जुना फोडला होता," मिस शू म्हणाली. "माझ्या लहानपणी. तेव्हा इथे छत्र्या बनवायचे."

"देवळात? छत्र्या?"

"हो. माझी मावशी इथे काड्या बसवायची." तिने छताकडे बोट दाखवलं. "देऊळ परत सुरू झालं त्याला फार वर्षं नाही झाली. मला इथलं काही माहीत नाही, मिसेस खांबेटे. मी शाळेत असताना हे शिकवणं बंद होतं. तुम्हीच मला सांगा, नमस्कार कसा करतात?"

तेव्हा सुलेखाने, जी घरी देवापुढे उदबत्तीसुद्धा लावत नसे, तिने एका चिनी मुलीला चिनी देवळात हात जोडायला शिकवलं.

शेवटच्या रविवारी त्या दोघी एका गल्लीतल्या लहानशा देवळात गेल्या. मोठ्या देवळांत तिकीट होतं, गर्दी होती; इथे अंगणात एक मांजर आणि एक म्हातारा, बस. बाजूच्या दालनात भिंतभर कागदाच्या पट्ट्या लावलेल्या, वरून खाली अक्षरं लिहिलेल्या. एका भिंतीवर लाल, समोरच्या भिंतीवर पिवळ्या. खाली उदबत्त्या आणि संत्री.

"हे काय आहे?"

मिस शूने म्हाताऱ्याला विचारलं. तो कुठल्या तरी दूरच्या प्रांतातला असावा. तिला त्याचं बोलणं नीट लागेना. दोन-तीनदा विचारून ती म्हणाली, "घरातल्या माणसाचं नाव लिहायचं. त्याचं भलं व्हावं म्हणून."

घर सोडून आल्यापासून तिने प्रसन्नचा विचार ठरवून टाळला होता. दिवसभर काम, संध्याकाळी रिपोर्ट, आणि फोन लावणं इतकं अवघड, की एकदाच बोलणं झालेलं. त्या रिकाम्या दालनात मात्र तिला एकदम तो जिन्यात बसलेला दिसला, कठड्याला धरून, उगाच हसत.

म्हाताऱ्याने मेजावर दोन्ही रंगांच्या कोऱ्या पट्ट्या ठेवल्या. तिने लाल पट्टीकडे हातसुद्धा नेला नाही. लाल टॅग म्हणजे काय, हे तिच्या हातालाच माहीत होतं. इतकी वर्षं तो हात रोज ज्याचं काही होणार नाही त्यालाच लाल बांधत आला होता. आणि पिवळा? पिवळा तर हळदीचा. अक्षता पिवळ्या, लग्नातल्या अष्टपुत्री साडीचा रंग पिवळा. तिने पिवळी पट्टी उचलली, आपल्या पेनाने देवनागरीत लिहिलं, प्रसन्न गोविंद खांबेटे, आणि खाली बारीक, सुलेखा.

म्हाताऱ्याने ती अक्षरं बराच वेळ न्याहाळली. मग पट्टी खळ लावून भिंतीवर चिकटवली. सुलेखाने पैसे पुढे केले तर घेईना. उलट खालचं एक संत्रं उचलून तिच्या हातात ठेवलं, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून काहीतरी हळूहळू बोलत राहिला. सुलेखाचे डोळे भरून आले. मिस शूने पट्टीशेजारी उभ्या असलेल्या सुलेखाचा फोटो काढला. फोटोत ती ओल्या डोळ्यांनी हसते आहे.

हे तिने घरी कोणाला सांगितलं नाही. प्रसन्नला एकदम स्लाइडच दाखवायची, चारचौघांत, असं ठरवलं.

नोव्हेंबरच्या एका रविवारी दुपारी खांबेट्यांच्या बेसमेंटमध्ये मंडळाची माणसं जमली. ऑपरेशन त्याच आठवड्यात गुरुवारी होतं. प्रसन्नला बघून यावं, थोडी गंमत व्हावी, हाही हेतू होताच. साबुदाण्याची खिचडी होती, चिवडा होता. सुलेखाने ऑफिसातल्या डेव्हिड लियाओला आणि त्याच्या बायकोला मुद्दाम बोलावलं होतं. ती दोघं तैवानची. तिला वाटलं, चीनबद्दल आपण काही चुकीचं सांगितलं तर ते दुरुस्त करतील.

प्रोजेक्टर प्रसन्नने ताब्यात घेतला. फिजिक्सवाला असल्यामुळे मशीनला दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपत नसे.

"हे बघा, हे म्हातारे उलटे चालतात," सुलेखा म्हणाली.

"वहिनी, हे आपल्या मंडळाच्या कमिटीचे लोक वाटतात," मोहन म्हणाला. मोहन नागपूरचा, प्रसन्नचा कॉलेजपासूनचा मित्र, हल्ली डिअरबॉर्नला मोटारींच्या ब्रेकवर काम करणारा. सगळे हसले. शेवंती आली तेव्हा बायकांनी उसासे टाकले, देवळातले राक्षस आले तेव्हा मुलं किंचाळली, आणि छत्र्यांचा कारखाना ऐकून मोहन म्हणाला, "म्हणजे देवाने किती वर्षं ओव्हरटाइम केला म्हणा ना!"

"आता ही शेवटची," सुलेखा म्हणाली. "ही प्रसन्नसाठी सरप्राइज आहे."

खट्. पडद्यावर पिवळ्या पट्ट्यांची भिंत आणि तिच्याशेजारी सुलेखा. त्या चिनी अक्षरांच्या गर्दीत देवनागरी नाव ठळक दिसत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा, वहिनी! खांबेटे चीनमध्ये!"

टाळ्या थांबता थांबता मिसेस लियाओ इंग्रजीत म्हणाल्या, "आय अ‍ॅम सो सॉरी, सुलेखा. तुमच्या घरात कोण गेलं?"

"कोण गेलं म्हणजे?"

"हे नाव. कोणाचं आहे?"

"प्रसन्नचं!" सुलेखा हसत म्हणाली.

मिसेस लियाओंनी तोंडावर हात ठेवला. डेव्हिड चिनीत पटकन काहीतरी बोलला, मग इंग्रजीत म्हणाला, "नथिंग, नथिंग. शी इज मिस्टेकन. फार सुंदर स्लाइड्स." पण बाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि पडद्याकडे बघत होत्या. मराठी माणसाला चिनी चेहरा वाचता येत नाही, असं सुलेखा चीनमधले तीन आठवडे समजत होती. तो चेहरा खोलीतल्या प्रत्येकाला वाचता आला.

"लाल जिवंत माणसांची," मिसेस लियाओ हळू आवाजात म्हणाल्या. "पिवळी मेलेल्यांची."

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. एका मुलाने विचारलं, "मॉम, व्हॉट डिड शी से?" आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

तेवढ्यात प्रोजेक्टरमागून प्रसन्नचा आवाज आला. "अरे, घाबरता काय यार? नाव मराठीत लिहिलंय. तिथल्या यमाला देवनागरी कुठे येतं? तो बसला असेल अक्षरं लावत!"

सगळे हसले, गरजेपेक्षा जास्त मोठ्याने. मोहनने लाइट लावले. सुलेखा जिना चढून किचनमध्ये गेली आणि सिंकला धरून उभी राहिली. आत्ता कुठे तिच्या लक्षात येत होतं. तो म्हातारा पैसे का घेत नव्हता. त्याने संत्रं का दिलं. हात धरून तो काय म्हणत होता. तो एका परदेशी विधवेचं सांत्वन करत होता, आणि ती त्याच्यासमोर फोटोसाठी हसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सावरली. आपण इंजिनिअर आहोत, स्वतःला तिने बजावलं. कागदाच्या रंगाने कोणाच्या झडपेवर साचलेलं कॅल्शियम कमीजास्त होत नाही. जी कृत्रिम झडप बसवायची होती ती कुठल्या कार्बनची असते, तिची झीज किती होते, हे तिने लायब्ररीत जाऊन वाचलेलं होतं. तिच्या मते ते फार सुंदर मटेरियल होतं. ती ऑफिसला गेली, संध्याकाळी परत आली, तर प्रसन्न सोफ्यावर पेपर वाचत बसलेला.

"हॉस्पिटलची बॅग भरायला घेऊ का?" तिने विचारलं.

"नको."

"उद्या भरू मग."

"गुरुवारचं कॅन्सल केलं," तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "मी फोन केला दुपारी. नवीन वर्षात बघू म्हटलं."

सुलेखाने हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवायच्या त्या चुकून खाली टाकल्या. वीणा जिन्यावरून ओरडली, "यू डिड व्हॉट, बाबा?"

"डॉक्टरांनी ख्रिसमसच्या आत म्हटलंय!" सुलेखा म्हणाली.

"डॉक्टर म्हणतात. मला बरं वाटतंय."

"प्रसन्न, तू काल एवढा जोक मारलास! तू आईला पत्र लिहून सांगतोस, अंगारे पाठवू नको. तुझ्या वर्गात मुलांना सांगतोस, मोजता येत नाही ते मानू नका. आणि एका कागदाच्या पट्टीसाठी..."

"पट्टीचा काय संबंध?"

"मग कशाचा संबंध आहे?"

त्याने पेपर खाली केला. सुलेखाने लग्नाच्या इतक्या वर्षांत हा चेहरा पाहिला नव्हता. ओठ कोरडे, आणि डोळे एखाद्या परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखे. "तुला नाही कळायचं," तो म्हणाला. "तू नाव लिहिलंस. ते मी इथून पडद्यावर बघितलं. एवढं मोठं. तिथे, त्यांच्या मधे, रांगेत."

सुलेखाला आणखी एक धक्का बसला आणि हा आधीच्यापेक्षा वाईट होता. उन्हाळ्यात तू जा, जा म्हणून तिच्या मागे लागणारा माणूस तिच्या नोकरीचा विचार करत होता, असं ती सगळ्यांना अभिमानाने सांगत आली होती. परत आलीस की करू, असं तो म्हणाला होता. म्हणजे तेव्हाच त्याला ते पुढे ढकलायचं होतं. ती चीनमध्ये बुद्धाच्या छातीवरचं स्वस्तिक बघत होती आणि हा इथे एकटा घाबरत बसला होता.

मंगळवारभर तिने त्याला समजावलं. डॉक्टरांशी बोलायला लावलं. मोहनला बोलावलं. मोहन म्हणाला, "अरे बाप्पा, तू असा हट्टीपणा करशील तर वहिनी तुझ्या नावाची पट्टी आमच्या घरी पण लावतील." कोणी हसलं नाही. प्रसन्न प्रत्येकाला एकच सांगायचा: नवीन वर्षात.

बुधवारी ऑफिसात सुलेखा डेव्हिड लियाओच्या टेबलाशी गेली. "तुमच्यात याला काही उपाय असतो का?" तिने विचारलं, आणि आपण हे विचारतो आहोत याचंच तिला आश्चर्य वाटलं. "पट्टी चुकीच्या भिंतीवर गेली तर? काही शांत वगैरे?"

"मला माहीत नाही. मी तर चर्चला जातो," डेव्हिड ओशाळून म्हणाला. "पण माझी बायको रविवारपासून नीट जेवलेली नाही. आपण तोंड उघडायला नको होतं म्हणते. मी तिला संध्याकाळी घेऊन येतो."

मिसेस लियाओ आल्या त्या कोंबडीच्या सूपचं भांडं घेऊन. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताना शब्द शोधणाऱ्या. सुलेखाला वाटलं, आता या काहीतरी विधी सांगतील, कागद जाळायला लावतील. तिची काहीही करायची तयारी होती. बाई मात्र सरळ प्रसन्नसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी विचारलं, "मिस्टर खांबेटे, तुमच्या आजीची शवपेटी कुठे ठेवली होती?"

प्रसन्न दचकला. "आमच्यात शवपेटी नसते. आम्ही जाळतो."

"अस्सं. आमच्या आजीची जिन्याखाली होती."

"घरात? आजी जिवंत असताना?"

"हो मग! साठ वर्षांची झाली तेव्हा मुलांनी वाढदिवसाला दिली. चांगल्या लाकडाची. आजी इतकी खूश झाली! शेजारणींना बोलावून दाखवली. म्हणाली, बघा, माझ्या मुलांनी मला किती मोठं आयुष्य दिलं."

जिन्यावर बसलेली वीणा दोन पायऱ्या खाली सरकली.

"वाढदिवसाला? शवपेटी?" प्रसन्न म्हणाला.

"दरवर्षी लाखेचा नवा हात द्यायचा. उन्हाळ्यात थंड लागायची, आम्ही मुलं तिच्यावर बसून रताळी खायचो. माझं लग्न झालं तेव्हा आहेर त्याच पेटीवर मांडला. आजी माझ्या लग्नात होती. माझ्या मुलाच्या बारशालाही होती."

"ओह माय गॉड," वीणा म्हणाली.

"माझ्या वडिलांच्या थडग्यावर आईचं नाव कोरलेलं आहे. वडील गेले तेव्हाच कोरून टाकलं. आई अजून तैपेईत पत्ते खेळते, आणि हरली की भांडते. नाव जागा धरून बसलं म्हणून माणसाला जावं लागत नाही, मिस्टर खांबेटे. फक्त जिवंत माणसाचं नाव लाल रंगवतात, एवढंच. रविवारी मी एवढंच बोलायला हवं होतं. पण मी घाबरले आणि अर्धंच बोलले."

प्रसन्नने विचारलं, "तुमच्या आजीला भीती नाही वाटायची? रोज ती पेटी बघून?"

बाईंनी विचार केला. "वाटायची. पेटी यायच्या आधी जास्त वाटायची, असं ती म्हणायची."

प्रसन्न उठला. कोणाशी न बोलता बेसमेंटमध्ये गेला. पाठोपाठ बाकीचे गेले, त्याला काही होतंय की काय या भीतीने. त्याने कॉलेजच्या प्रयोगांची पेटी उघडून त्यातून लाल जिलेटिन कागदाचा एक तुकडा काढला, प्रोजेक्टर सुरू केला, ती स्लाइड लावली आणि तो तुकडा लेन्ससमोर धरला.

पडद्यावरची भिंत लाल झाली. सगळ्या पट्ट्या लाल, सुलेखाची साडी लाल, तिचा चेहराही लाल. काळी अक्षरं तेवढी काळीच राहिली.

"लाल फिल्टरमधून पिवळं आणि पांढरं दोन्ही लालच दिसतं," प्रसन्न म्हणाला. वर्गात बोलावं तसा त्याचा आवाज होता. "पहिल्या सेमिस्टरला शिकवतो मी हे."

"धिस इज सो वीअर्ड, बाबा."

"असं कोणी करत नाही," मिसेस लियाओ गंभीरपणे म्हणाल्या.

"आमच्यातही नाही करत," प्रसन्न म्हणाला आणि हसला. मग त्याने सुलेखाला विचारलं, "डॉक्टरांचा नंबर कुठे आहे? उद्याची गेली, पण थँक्सगिव्हिंगच्या आधीची एखादी तारीख मिळते का बघ. तू बोल. मी बोललो तर परत पुढे ढकलीन."

तारीख मिळाली. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये वीणा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती, मिसेस लियाओ थर्मासमधून सूप ओतत होत्या, आणि सर्जन मास्क खाली करत बाहेर आले तेव्हा सुलेखाला त्यांचे शब्द कळायच्या आधी त्यांचा चेहरा कळला. झडप बसली होती. जुनी काढलेली झडप दगडासारखी कडक झाली होती, ते म्हणाले. नवीन वर्षापर्यंत थांबणं फार धोक्याचं झालं असतं.

ती अजून त्याच कंपनीत आहे. नंतर आणखी एकदा चीनला जाऊन आली, या वेळी वेगळ्या शहरात. तिथल्या देवळात शिरायच्या आधी तिने बरोबरच्या माणसाला इतके प्रश्न विचारले, की तो कंटाळून बाहेर बाकावर जाऊन बसला. मंडळात कोणाकडे नवीन पाहुणा आला, की मोहन सुलेखाला ही गोष्ट सांगायला लावतो, आणि प्रसन्न यमाचा जोक अजून मारतो. लोक पोट धरून हसतात. सुलेखाही हसते.

पण घरात शांतता असली, की प्रसन्नच्या छातीतून नव्या झडपेची बारीक टिकटिक ऐकू येते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती दचकली होती. आता टिकटिक ऐकू आली नाही तर दचकेल. अशाच एका दुपारी तो खिडकीशी बसून विद्यार्थ्यांचे पेपर तपासत होता. बाहेर बर्फ वितळत होतं. तिने सहज विचारावं तसं विचारलं.

"प्रसन्न, एक सांगशील? मी ती स्लाइड दाखवलीच नसती, तरी तू ऑपरेशन रद्द करायचा तो फोन केला असतास का?"

त्याने लाल पेन थांबवलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "चहा टाक ना."

तिने चहा टाकला. त्यानंतर तिने हे दोनदा-तीनदा वेगळ्या शब्दांत विचारून पाहिलं. दर वेळी काहीतरी निघतं. कॉलेजचा फोन, वीणाचं ड्रायव्हिंग, बाहेरचं बर्फ. म्हणून तो प्रश्न अजून तिच्यापाशीच आहे: त्याला भीती त्या पिवळ्या पट्टीची वाटली, की पट्टीच्या कितीतरी आधीपासून तो घाबरलेला होता आणि आपल्याला ते दिसलंच नाही?